पगाराला कॅप लावली, पण पोरं तर शाळेतूनच गेली

मागच्या वर्षी आमच्या घरामागचा लाकडी डेक कुजला म्हणून एका बिल्डरला बोलावलं, तर त्याच्याबरोबर एक पोरगा आला, पंचविशीतला, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. दोन दिवस त्याने गपगुमान फळ्या कापल्या, स्क्रू मारले, बायकोने आल्याचा चहा दिला तो पहिल्या दिवशी भीत भीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितला. शनिवारी रग्बीच्या मॅचला गेलो तर हा बाबा १६ नंबरची जर्सी घालून बेंचवर बसलेला! साठाव्या मिनिटाच्या आसपास आत आला, पहिल्याच स्क्रममध्ये समोरच्यांना हातभर मागे रेटलं आणि सगळ्या स्टेडियममध्ये गाईच्या गळ्यातल्या घंटा घणघणायला लागल्या. आमच्या न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला हे असंच असतं, वायकाटो म्हणजे दूधदुभत्याचा मुलूख, लोक मॅचला चक्क घंटा घेऊन येतात, मी मूळचा कोल्हापूरचा, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डायरेक्ट बेंदूर आठवला. सोमवारी पोरगा परत कामाला हजर, एक फळी राहिली होती.

तर हा न्यूझीलंडच्या प्रांतिक रग्बीतला प्रोफेशनल खेळाडू. करार तीन-चार महिन्यांचा, बाकीचं वर्ष हातोडी. ज्यांना वरच्या सुपर रग्बी लीगचा करार मिळतो त्यांचं बरं चाललेलं असतं, ऑल ब्लॅक म्हणजे देशाच्या टीमचा खेळाडू झाला तर विचारूच नका, पण एनपीसी म्हणजे नॅशनल प्रोव्हिन्शियल चॅम्पियनशिप, जी १९७६ पासून चालू आहे, तिचा कणा म्हणजे ही असली पोरं. आणि या स्पर्धेबद्दल इथे दरवर्षी तोच वाद निघतो, की मोठ्या प्रांतांनी छोट्यांची पोरं पळवू नयेत म्हणून काय करायचं, पगाराची कॅप, म्हणजे एका टीमने एकूण पगार किती द्यायचा त्याची मर्यादा, कडक करायची की ढिली, बाहेरचे खेळाडू किती घेऊ द्यायचे, की सगळं बाजारावर सोडून द्यायचं. आठ वर्षं हे ऐकतोय, आता माझंही एक मत झालंय, ते मांडतो. पटलं नाही तर सांगा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कॅप का आली ते कळत नाही. १९९५ मध्ये रग्बी अधिकृतपणे प्रोफेशनल झाली. तोपर्यंत खेळाडूला पगार नव्हता, शेतकरी, पोलीस, मास्तर लोक शनिवारी खेळायचे. पैसा आला आणि लगेच भीती आली की ऑकलंड, कँटरबरीसारख्या श्रीमंत युनियन, म्हणजे प्रांतांच्या रग्बी संघटना, सगळे चांगले खेळाडू विकत घेणार. म्हणून राष्ट्रीय रग्बी युनियनने ट्रान्सफरचे नियम केले, एका सीझनला बाहेरून किती खेळाडू आणायचे त्याला मर्यादा, ट्रान्सफर फीला मर्यादा. पुढे २००६ मध्ये स्पर्धेची फेरमांडणी झाली, वर १४ प्रोफेशनल टीम, खाली हौशी लोकांची हार्टलँड चॅम्पियनशिप, आणि त्याच वेळी पगाराची कॅप आली, एका युनियनला साधारण २० लाख डॉलर. गंमत म्हणजे यासाठी सरकारी कॉमर्स कमिशनची परवानगी काढावी लागली, कारण सरळ विचार केला तर चौदा मालकांनी एकत्र बसून कामगाराला यापेक्षा जास्त द्यायचं नाही असं ठरवणं म्हणजे स्पर्धा कायद्याचा भंगच की! साखर कारखान्यांनी मिळून उसाचा दर ठरवला तर आपल्याकडे रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लागतात. पण कमिशनने २००६ मध्ये मान्यता दिली, त्यामागचा हिशोब असा की टीम तुल्यबळ झाल्या तर स्पर्धा चुरशीची होईल, लोक बघायला येतील आणि हा फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे.

म्हणजे कॅपचं जाहीर आश्वासन होतं चुरस. आता झालं काय ते बघा.

२००८ ते २०१७ या दहा वर्षांत कँटरबरीने नऊ वेळा विजेतेपद घेतलं. दहात नऊ! मध्ये फक्त २०१४ ला तारानाकीने घुसून एक पळवलं. सगळ्यांना तीच कॅप, तेच नियम, आणि एकच टीम सहा वर्षं सलग जिंकते. २००६ ते २०२५ असा वीस वर्षांचा हिशोब मी एका रविवारी वहीत मांडला. सुपर रग्बीत देशाच्या मूळच्या पाच टीम, त्यांची मुख्य ठाणी ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन, ख्राइस्टचर्च (म्हणजे कँटरबरी) आणि डुनेडिन (म्हणजे ओटागो). या पाच शहरांतल्या युनियनकडे वीसपैकी सोळा विजेतेपदं, त्यातली दहा एकट्या कँटरबरीची. बाहेरच्यांकडे चार, तारानाकीची दोन, टास्मनची दोन. बस.

यावर कॅपविरोधी लोक म्हणतात, बघा, फेल गेली, काढून टाका. थांबा जरा. तीच वही मागे उलटली की दुसरं चित्र दिसतं. स्पर्धेच्या पहिल्या पाच वर्षांत पाच वेगळे विजेते होते आणि त्यात बे ऑफ प्लेंटी, काउंटीज, मानावाटू असे छोटे लोकही होते. १९८१ पासून २००५ पर्यंत, सलग पंचवीस वर्षं, या पाच शहरी युनियनच्या बाहेर एकही विजेतेपद गेलेलं नाही. एकही नाही. आणि यातली पहिली पंधरा वर्षं तर पगार नावाची गोष्टच नव्हती. रॅनफर्ली शील्ड घ्या, १९०२ पासूनची ढाल आहे, जिच्याकडे असेल तिने घरच्या मैदानावर आव्हान स्वीकारायचं, हरली की ढाल गेली, आपल्या कुस्तीतल्या मानाच्या गदेसारखं म्हणा. ऑकलंडने १९८५ ते १९९३ या काळात ती ६१ वेळा राखली. एकसष्ट! शेवटी आमच्या वायकाटोने १९९३ मध्ये त्यांच्या घरात जाऊन १७-६ ने हिसकावली, शेजारचे म्हातारबुवा ते आजही काल घडल्यासारखं सांगतात आणि दर वेळी त्यातला पाऊस वाढत जातो. पण मुद्दा असा की हे सगळं वर्चस्व फुकट खेळणाऱ्या खेळाडूंच्या काळातलं आहे. शून्य पगाराच्या वर कोणती कॅप लावणार?

म्हणजे मोठ्यांकडे खेळाडू जातात ते निव्वळ पगारासाठी जात नाहीत, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

रिची मकॉ घ्या, कॅप्टन म्हणून दोन वर्ल्ड कप जिंकलेला माणूस. पोरगा कुरो नावाच्या खेड्यातला, वाइटाकी नदीच्या खोऱ्यातला. शाळेसाठी डुनेडिनच्या ओटागो बॉइज हायस्कूलला, म्हणजे खरं तर ओटागोचं घडवलेलं पोर. शाळा संपली, शिकायला ख्राइस्टचर्चजवळच्या लिंकन युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथून कँटरबरीचा झाला तो कायमचा. कोणी पिशवीत पैसे घालून नेलं नाही त्याला, तो ॲडमिशन घेऊन गेला! बॅरेट बंधूंचं तेच, घर तारानाकीच्या किनाऱ्यावर पुंगारेहूला, दुभत्या जनावरांचा धंदा, बोडन तारानाकीकडूनच खेळला पण स्कॉट आणि जॉर्डी दोघं प्रांतिक रग्बीत आधी कँटरबरीकडून खेळले आणि मग घरी परतले. लिंकनला शिकायचं, तिथेच ॲकॅडमी, तिथेच क्रुसेडर्स या सुपर रग्बी टीमचे कोच तुमच्याकडे बघत असतात, संध्याकाळी पार्टटाइम काम मिळतं, मित्र तिथेच. अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही सांगा, याच्या समोर पार दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलची एक गार संध्याकाळ आणि पाच हजार डॉलर जास्त ठेवले तर तो काय निवडेल. कॅपच्या हिशोबात फक्त पगार येतो. युनिव्हर्सिटी येत नाही, क्रुसेडर्सची सावली येत नाही. आणि वर ऑल ब्लॅक खेळाडूंच्या पगाराला हिशोबात सूट दिलेली, म्हणजे ज्याच्याकडे जास्त ऑल ब्लॅक त्यालाच जास्त सूट. कोणाच्या डोक्यातून आलं काय माहीत.

सगळ्यात बोलकं उदाहरण तर खालच्या हार्टलँडचं आहे. हौशी खेळाडू, प्रोफेशनल पगार नाही, उसने खेळाडू किती घ्यायचे त्यालाही मर्यादा, आणि तरीही साउथ कँटरबरीने २०२१, २०२२, २०२३ असं लागोपाठ तीनदा जिंकलं. तर मग आता?

मग कॅप काढून टाकायची का? अजिबात नाही. कॅपचं खरं काम वेगळंच आहे आणि ते कोणी नीट सांगत नाही, कारण ते ऐकायला ग्लॅमरस नाही. कॅप छोट्याला मोठा करत नाही, ती छोट्याला कर्ज काढून आत्महत्या करण्यापासून वाचवते, आणि तेही तिची रक्कम त्याच्या कमाईच्या जवळपास असेल तरच. ओटागोचं काय झालं आठवा. जुनी नावाजलेली युनियन, १९९१ आणि १९९८ ची चॅम्पियन. कारिसब्रूक मैदान शहराच्या कौन्सिलला विकलं तरी भागेना, आणि २०१२ च्या सुरुवातीला जाहीर झालं की युनियन दिवाळखोरीत काढणार. शेवटी राष्ट्रीय युनियनने हात दिला, कौन्सिलने आपलं ४ लाख ८० हजार डॉलरचं येणं सोडलं आणि कसंबसं वाचलं. कौन्सिलने सोडलं म्हणजे कोणी सोडलं, तर डुनेडिनच्या घरपट्टी भरणाऱ्या आजीबाईंनी सोडलं, रग्बीशी ज्यांचा संबंध फक्त शनिवारी रस्ता बंद असण्यापुरता. पुढच्याच वर्षी, २०१३ ला, त्याच ओटागोने हॅमिल्टनमध्ये येऊन आम्हाला २६-१९ हरवलं आणि १९५७ नंतर पहिल्यांदा शील्ड घरी नेली. छप्पन्न वर्षांनी! डुनेडिन वेडं झालं होतं म्हणे. आणि दहाएक दिवसांत हॉक्स बेला एका पॉइंटने हरून घालवलीसुद्धा. अशी मजा आहे या ढालीची. (हॉक्स बेच्या मंडळींनी २०२३ च्या जल्लोषात ती ढाल शब्दशः मोडली, दोन तुकडे, पण तो विषय नको.)

सुरुवातीची २० लाखांची कॅप या छोट्या लोकांना छत नव्हतीच, ती टार्गेट झाली. शेजारी तेवढे खर्च करतो म्हटल्यावर आपणही करायचे, लग्नाच्या मांडवासारखं, समोरच्याने दोन पदार्थ केले की आपण तीन, मग वाजवा सावकाराचं दार. नंतर ती खाली आणावी लागली ती याच कारणाने, तेवढे पैसे बहुतेकांच्या गल्ल्यात नव्हतेच. इंग्लंडच्या क्लबांनी हाच खड्डा आणखी खोल खणला. तिथेही कॅप होती, ७० लाख पाउंडांची, पण क्लबांची कमाई आणि कॅप यांचा काही मेळच नव्हता, मालकाच्या खिशातून चालायचं, आणि मालकाचा खिसा फाटला की संपलं. वुस्टर आणि वॉस्प्स २०२२ मध्ये बुडाले, लंडन आयरिश २०२३ मध्ये. आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्या सॅरासेन्स क्लबने काय केलं, तर मालकाने खेळाडूंबरोबर भागीदारीत धंदे काढले, तो पैसा पगारात धरलाच नाही. सापडले, २०१९ मध्ये ३५ पॉइंट कापले, ५३ लाख पाउंडांच्या वर दंड, आणि पुढे खालच्या डिव्हिजनला रवानगी. तोपर्यंत कप जिंकून झाले होते, ते कोणी परत मागितले नाहीत. पकडायची दानत नसेल तर कॅप म्हणजे आपल्याकडची निवडणूक खर्चाची मर्यादा, सगळे उमेदवार नियमात आणि सगळ्या गावाला जेवण.

म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच, की कॅप ठेवा, ती सगळ्यात कमजोर युनियनला झेपेल तिथे ठेवा, ऑल ब्लॅकवाल्या सवलती काढा, आणि तिच्याकडून चुरशीची अपेक्षा सोडून द्या. चुरस दुसरीकडून येते. कुठून, ते टास्मनने दाखवलंय.

टास्मन युनियन पहिल्यांदा मैदानात उतरली २००६ मध्ये, नेल्सन बेज आणि मार्लबरो या दोन छोट्या युनियन जोडून. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर, तेही डोंगर आणि द्राक्षबागांमध्ये विखुरलेलं. दोन वर्षांत वरच्यांनी ठरवलं की यांना आणि नॉर्थलँडला वरच्या गटातून काढायचं, परवडत नाहीत. बोंबाबोंब झाली, निर्णय मागे घ्यावा लागला. आणि याच टास्मनने २०१९ आणि २०२० असं सलग दोनदा विजेतेपद घेतलं, दुसऱ्यांदा तर फायनल ऑकलंडमध्ये ऑकलंडविरुद्ध, १३-१२. पैसा ओतून नाही झालं हे, ओतायला होता कुठे? नेल्सन कॉलेजसारखी शाळा तिथे, जिच्या पोरांनी १८७० मध्ये देशातली पहिली रग्बी मॅच खेळली. हाविली, ब्लॅकअॅडर, फाइंगाआनुकू अशी पोरं तिथलीच, आणि बाहेरून आली ती बरीचशी विशीच्या आत-बाहेरची, ज्यांना मोठ्या युनियनमध्ये बेंचसुद्धा मिळणार नव्हता. ख्राइस्टचर्चचा विल जॉर्डन पहिली प्रांतिक रग्बी खेळला तो टास्मनकडूनच! म्हणजे खेळाडूंची वाहतूक छोट्याकडून मोठ्याकडेच होते असं काही नाही, मोठ्याच्या गर्दीत अडकलेलं पोर छोट्याकडे येऊन फुलू शकतं. बाहेरचे खेळाडू घ्यायला मर्यादा असली पाहिजे असं मी म्हणतो ते याचसाठी, बंदी नको. मर्यादा असली की घेणारा विचार करून घेतो, आणि मोठा माणूस गरज नसताना पोरं कपाटात भरून ठेवू शकत नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? रणजीत बाहेरचे तीनच प्रोफेशनल घ्यायची मर्यादा आहे. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ ला सलग रणजी जिंकली तेव्हा मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा गणेश सतीश होता, कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, पण कॅप्टन फैज फझल घरचा, फायनलला हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी घरचा, सरवटे, वाखरे घरचे. तीन पाहुणे आणि आठ घरचे, पाहुण्याने शिकवायचं आणि घरच्यांनी शिकायचं, हे गणित बसलं. २०२४-२५ ची फायनल आणखी भारी, करुण नायर कर्नाटकातून येऊन विदर्भाकडून शतक ठोकतोय आणि समोर केरळकडून बॉलिंग टाकतोय आदित्य सरवटे, नागपुरातच, ज्या पोराला विदर्भाने घडवलं तोच! आणि मुंबई? ४२ रणज्या. पगाराचा काय संबंध, शिवाजी पार्क आणि आझाद मैदानात शंभर वर्षं जे शिजलंय ते कुठल्या कॅपमध्ये बसणार. तरी २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडे जायला एनओसी मागितली तेव्हा काय गदारोळ झाला, मग त्याने ती मागेही घेतली. आमच्या कोल्हापुरात तर विचारू नका, पाटाकडीलचा पोरगा दिलबहारकडे गेला किंवा खंडोबाचा बालगोपालकडे, तर शाहू स्टेडियमवर नंतर, आधी पेठेतल्या कट्ट्यावर मॅच होते.

आयर्लंडमध्ये चारच प्रांत, तिथलंही थोडक्यात सांगतो. टॉपच्या खेळाडूंचे करार राष्ट्रीय युनियनकडे, परदेशी खेळाडू किती आणि कुठल्या जागेवर यावरही वरून नियंत्रण. तरी डब्लिनच्या श्रीमंत शाळांच्या जोरावर लेन्स्टर सगळ्यांना पुरून उरतं, २०१८ ते २०२१ सलग चार वेळा लीग जिंकली. पण ज्या कॉनाक्टला २००३ मध्ये बंदच करायला निघाले होते, लोकांनी डब्लिनमध्ये मोर्चा काढून वाचवलं, त्यांनी २०१६ च्या फायनलला लेन्स्टरलाच २०-१० हरवलं. कॉनाक्टच्या त्या टीममधला बंडी आकी आमच्या इकडचा, काउंटीज मनुकाऊ आणि हॅमिल्टनच्या चीफ्सकडून खेळलेला. बंद करायला निघालेल्या टीम पुढे चॅम्पियन झाल्या, टास्मन काय, कॉनाक्ट काय, हे मी प्रत्येक वेळी सांगतो जेव्हा कोणी एक्सेल शीट घेऊन चौदाच्या दहा टीम करा म्हणतो.

आता ज्या गोष्टीवर माझं खरं डोकं फिरतं ती सांगतो. माझा मुलगा इथे ज्या क्लबकडून खेळतो तिथे त्याच्या वयाचा एक टोंगन पोरगा होता, प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला, सोळाव्या वर्षी एकशे दहा किलो आणि पळायला सशासारखा. आई हॉस्पिटलात रात्रपाळी करते, तर हा पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून क्लबच्या कोचने त्याला गाडीत घालून मॅचला नेलंय, आणलंय, बूट घेऊन दिलेत. कोच म्हणजे रिटायर्ड डेअरी शेतकरी, सत्तरीचा, सगळ्या टीमच्या जर्सी स्वतःच्या घरी धुतो, वाळत घातल्या की त्याचं अंगण लांबून बघितलं तर लग्नघर वाटतं. मागच्या वर्षी ऑकलंडच्या एका मोठ्या शाळेने त्या पोराला स्कॉलरशिप दिली, हॉस्टेल, फी, सगळं. गेला. जाणारच, त्याच्या आईच्या जागी मी असतो तरी पाठवला असता. आता तो तिथल्या ॲकॅडमीत, तिथल्या एज-ग्रुप टीममध्ये, उद्या मोठा झाला तर ऑकलंडचा खेळाडू म्हणून नाव येईल. त्या म्हाताऱ्याला काय मिळालं? शाळेकडून एक ईमेलसुद्धा नाही. पोराने मात्र जाताना त्याची जर्सी स्वतः धुऊन, घडी घालून आणून दिली.

कॅपबद्दल शंभर मीटिंगा होतात, पण कॅप लागू होते पोरगा अठरा-एकोणीसचा होऊन करार करतो तेव्हा. खरी भरती त्याच्या तीन वर्षं आधी झालेली असते आणि तिथे नियम जवळपास नाहीतच, जे आहेत ते शाळा-शाळांमधले. ऑकलंडमध्ये तर हे इतकं टोकाला गेलं की बाकीच्या शाळांनी मिळून एका शाळेशी २०१९ च्या सीझनला खेळायलाच नकार द्यायचं ठरवलं, कारण ती बाहेरची तयार पोरं आणत होती. शाळांनी शाळेवर बहिष्कार! तेव्हा बातम्या झाल्या, काहीतरी तोडगा निघाला, गाडी पुन्हा सुरू.

माझं दुसरं म्हणणं म्हणूनच हे आहे. पोराला अडवू नका, पण तो ज्यांनी घडवला त्यांचं देणं द्या. फुटबॉलमध्ये हे केव्हाच आहे, फिफाच्या नियमाप्रमाणे एखाद्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली की फीमधले पाच टक्क्यांपर्यंत पैसे तो बारा ते तेवीस या वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांमध्ये वाटले जातात. इथे तसं करा. खेळाडूने पहिला एनपीसी करार केला की ठरलेली रक्कम, सुपर रग्बीचा केला की दुसरी, ऑल ब्लॅक झाला की तिसरी मोठी, आणि ती अर्धी त्याच्या मूळ युनियनला, अर्धी त्याच्या मूळ क्लबला किंवा शाळेला. देणार कोण, तर घेणारी युनियन, आणि ही रक्कम तिच्या कॅपमध्ये धरायची! म्हणजे स्वतःच्या घरचं पोर खेळवलं तर स्वस्त, दुसऱ्याचं आणलं तर महाग. कँटरबरीला लिंकनमध्ये आलेला तारानाकीचा पोरगा हवाय ना, खुशाल घ्या, पण हिशोबात दिसू द्या. शाळेच्या वयात हलवलेलं पोर असेल तर त्याची मूळ जागा पंधराव्या वर्षी तो जिथे खेळत होता तीच धरायची, नाहीतर सगळेच सोळाव्या वर्षी उचलतील आणि आमचाच म्हणतील. मग चौदाव्या वर्षी उचलतील असं कोणी म्हणेल, खरंय, उचलतीलही, नियम केला की त्याची पळवाट शोधणारा वकील त्याच दिवशी जन्माला येतो, तरी चौदा वर्षांच्या पोराला आई सहजासहजी सोडत नाही एवढा माझा आयांवर विश्वास आहे.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो माझ्या डेकवाल्या पोरानेच घेतला. तो म्हणाला, म्हणजे माझ्या डोक्यावर तुम्ही किमतीची चिठ्ठी लावणार, मग मला बाहेरची कोणती युनियन घेईल? बरोबर आहे त्याचं. खेळाडूचं करिअर दहा वर्षांचं, गुडघा गेला की तेही नाही, कॅपने त्याचा पगार आधीच दाबलाय, वर ही फी लावली तर मधल्या दर्जाच्या खेळाडूचं मरण. फ्रान्स आणि जपानची दारं आहेत, पण ती सगळ्यांना उघडत नाहीत, आणि तिकडे गेलं तर ऑल ब्लॅकची निवड बंद, हाही एक भरतीचा नियमच आहे की. खेळाडूंची संघटना इथे मजबूत आहे, कॅपसुद्धा त्यांच्याशी करार करूनच आली, त्यामुळे हे त्यांच्या डोक्यावरून रेटता येणार नाही आणि रेटू नये. माझं उत्तर असं, की फी पंचविशीपर्यंतच लावा, त्यानंतर माणूस मोकळा. आणि ज्याला स्वतःच्या युनियनने करार दिलाच नाही त्याच्यावर फी शून्य, कारण तुम्हाला नकोय तर अडवताय कशाला. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, मी सव्वीसचा आहे, मला चालेल. स्वार्थी लेकाचा.

पैसा कुठून येणार हा प्रश्न मात्र मला पटत नाही. २०२२ मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकन कंपनीने २० कोटी डॉलर घातले रग्बीत, त्यातले काही प्रांतांपर्यंत आले. मोठी रक्कम म्हणून ती सगळ्यांना दिसली. मी म्हणतोय ती रक्कम एका पोरामागे काही हजारांची आहे, ऑकलंडच्या हिशोबात ती दिसणारही नाही. आमच्या क्लबला मात्र दिसेल. मैदानाला दिव्याचे चार खांब आहेत, त्यातले दोन गेली दोन वर्षं बंद, दुरुस्तीचं कोटेशन कमिटीच्या फायलीत पडलंय. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तेरा वर्षांखालची पोरं उजेडाच्या अर्ध्या भागात प्रॅक्टिस करतात, आणि बॉल पलीकडच्या अंधारात गेला की म्हातारा मोबाइलचा टॉर्च लावून शोधायला जातो, तोवर सगळी पोरं रेषेवर उभी राहून त्याला डावीकडे, उजवीकडे ओरडत असतात.